डोळ्यातला जागल्या

चारुशीला साळीने पाच महिन्यांची साडी मागावरून कापून उतरवली, पुढच्या खोलीत पांढरी चादर अंथरून तिच्यावर पसरली, आणि नवऱ्याने ती पाहून पहिलं वाक्य काय बोलावं?

"चारू, काठ वाकडा झालाय."

"काठ नाही, तुमची मान वाकडी झालीय," ती म्हणाली.

धनंजय गुडघ्यांवर बसला होता. तो नुसता काठावरून हात फिरवत राहिला. त्याचं हे गप्प राहणं तिला बोलण्यापेक्षा जास्त झोंबायचं. ही पैठणी काही कुठल्या दुकानात जाणार नव्हती. ज्या कंपनीने चारुशीलाच्या डोळ्यात यंत्र बसवलं होतं, तिच्या समारंभात प्रमुख पाहुण्याबाईंना द्यायला ती मागवली होती. समारंभ नाशिकला, नऊ दिवसांवर. त्याच व्यासपीठावर चारुशीलाचा सत्कार होणार होता, शाल-श्रीफळ देऊन. सगळ्या येवल्याला तिने सांगून ठेवलं होतं.

"ताणा तुम्ही ढिला लावलात, ते आता लपवताय," ती म्हणाली. "पाच महिने ओरडून सांगतेय, उजवीकडे आवळा, मध्ये सैल करा. तुमचं लक्ष असतं कुठं?"

"तू सांगितलंस तसंच केलं ना मी! प्रत्येक वेळी! तू म्हणालीस आवळा, आवळलं. तू म्हणालीस सैल, सैल केलं. मला सरळ दिसत होतं ते तुझ्या सांगण्यावरून बिघडवलं मी. डॉक्टर म्हणाले होते हिला त्रास देऊ नका, म्हणून तोंड शिवून बसलो. मागावर ताणलेलं असताना कापड सगळं झाकतं. आता उतरलंय, आता बघ."

चारुशीला खाली वाकली. तिचा डावा डोळा लहानपणापासून अधू, त्याला नुसता रंग कळायचा. काम सगळं उजव्या डोळ्याचं. तिने उजवा डोळा काठावर रोखला. जिथे रोखला तिथे काठ सरळ होता. सुतासारखा सरळ.

"सरळ आहे," ती म्हणाली.

धनंजय उठला. मागाजवळच्या खिळ्याला तिचीच स्टीलची पट्टी टांगलेली असायची, तिच्या वडिलांची, कडा झिजून चकाकणारी. ती त्याने काठाला लावली. "डोळ्याने नको. बोट फिरव."

तिने बोट फिरवलं. पट्टी आणि काठ यांच्यामध्ये बोटाचं पेर बसेल एवढी फट होती. चार बोटांवर पट्टी काठाला टेकली, आणि पुढे पुन्हा फट. तिने दुसऱ्यांदा बोट फिरवलं, तिसऱ्यांदा फिरवलं. मग ती चादरीवर मटकन बसली.

"अहो," ती म्हणाली, "मग रोज सकाळी ती हिरवी खूण कसली येते?"

त्या हिरव्या खुणेची गोष्ट सांगायला अडीच वर्षं मागे जावं लागेल.

दोन हजार एकोणचाळीस साली तिच्या उजव्या डोळ्यात, मागच्या पडद्याखाली, एक काळसर गाठ सापडली. डोळ्याचा कर्करोग. डोळा काढून टाकावा लागत नाही आता, निदान सगळ्यांचा नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी सोन्याची एक वाटीसारखी चकती घेतली, शर्टाच्या बटणाएवढी, तिच्यात किरणोत्सारी दाणे बसवले आणि ती डोळ्याला बाहेरून, बरोबर गाठीच्या मागे, टाके घालून शिवून टाकली. चार दिवस ती तिथे राहिली. चार दिवस किरणांनी गाठ भाजली. मग चकती काढली. गाठ मेली, डोळा वाचला, आणि चारुशीलाने घरी येऊन पेढे वाटले.

पण किरणांना गाठ कुठली आणि बाकीचा डोळा कुठला हे थोडंच कळतं? पडद्यावर केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. किरणांनी त्या वाहिन्यांच्या भिंती कच्च्या होतात. लगेच काहीच कळत नाही. वर्ष जातं, दोन वर्षं जातात, माणूस विसरून जातो. मग एकेक वाहिनी बंद पडू लागते. उपाशी राहिलेला पडदा एक प्रथिन सोडतो, ते प्रथिन वाहिन्या आणखी गळक्या करतं, आणि पडद्याच्या मधोमध, जिथे बारीक पाहण्याची सगळी ताकद असते, तिथे पाणी साठून सूज येते. कर्करोग जातो आणि त्याच्या औषधापायी नजर जाते. याला पूर्वीचे डॉक्टर एकच उपाय करत: सूज यायची वाटच बघायची नाही. पहिल्या दिवसापासून, सगळं छान दिसत असताना, त्या प्रथिनाला अडवणारं औषध ठरल्या तारखेला डोळ्यात सुईने सोडायचं. दर चार महिन्यांनी. तारीख आली की सुई, विचारायचं काही नाही.

डोळ्यात सुई कुणाला आवडेल? म्हणून कंपनीने 'प्रहरी' काढला. तांदळाच्या दाण्याएवढी कुपी, एकदाच डोळ्यात ठेवायची. तिच्यात औषध भरलेलं, आणि प्रथिन किती वाढलं ते मोजणारा एक बारीक काटा. गरज वाटली की कुपी थेंब सोडणार. 'सहा वर्षं सुई नाही' असं कागदावर मोठ्या अक्षरांत. आता दर चार महिन्यांनी औषध सोडलं तर कुपी दोन वर्षांत रिकामी होते. मग सहा वर्षं पुरवायची कशी? जपून वापरायची. म्हणून कंपनीने कुपीला दोन साक्षीदार दिले. एक आतला काटा. दुसरा खुद्द रुग्ण, जो रोज सकाळी सातला, दिवसातून एकदाच, एक डोळा झाकून मोबाइलवरच्या चौकटीच्या रेषा बघेल आणि जिथे वाकड्या दिसतील तिथे बोट ठेवेल. दोघांनी तक्रार केली तरच थेंब. एकाचीच तक्रार असेल तर थांबा आणि बघा.

येवल्यात 'प्रहरी' म्हणायला कोण बसलंय? धनंजयने पहिल्याच दिवशी त्याला जागल्या म्हटलं, रात्री गावावर पहारा देणारा, आणि तेच नाव पडलं.

काठाला पट्टी लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी नाशिकला तिच्या डोळ्याच्या डॉक्टर मुग्धा टिपणीसांनी चारुशीलाच्या डोळ्यातल्या पडद्याचा उभा छेद संगणकावर मोठा करून दाखवला. मधोमध जो खळगा असायला हवा तिथे फुगवटा होता, तव्यावर फुलणाऱ्या भाकरीसारखा.

"कधीपासून असं दिसतंय तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"दिसत होतं की," चारुशीला म्हणाली. "दिवाळीनंतर चौकटीच्या रेषा मधेच पोट काढायला लागल्या."

"मग बोट का नाही ठेवलंत तिथे? नोंद बघा, नऊशे दिवस, एकदाही बोट नाही! शंभर टक्के!"

"पट्टी लावून बघितलं ना मी. रोज. रेषा सरळ निघायच्या."

डॉक्टरांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग चारुशीलाने समजावलं, आणि समजावता समजावताच तिचा आवाज चिरका होत गेला. विणणाऱ्याच्या घरात डोळ्याच्या साक्षीवर दोष सांगत नाहीत. दहा तास रेशमाकडे बघून डोळा थकतो, नाही ते दाखवतो. दोष सांगितला की माग थांबतो, शेजारचा माणूस थांबतो, धागे उसवावे लागतात. म्हणून तिच्या वडिलांची सक्त ताकीद होती: आधी पट्टी लाव, मग तोंड उघड. आठव्या वर्षी मागावर बसली तेव्हापासून तिने तेच केलं होतं. फक्त ताण्याची ओढ पट्टीने मोजता येत नाही, तेवढी ती डोळ्याने बघून धनंजयला सांगायची. मोबाइलवर रेषा वाकलेली दिसली की ती पट्टी लावायची, रेषा सरळ निघायची, आणि ती डोळ्याला दोन शिव्या घालून 'सर्व ठीक' दाबायची. हिरवी खूण यायची. तिला बरं वाटायचं. शाळेत कधी शंभर टक्के मिळाले नव्हते.

डॉक्टरांनी खुर्ची संगणकाकडे वळवली. मग त्यांनी कुपीची आतली नोंद उघडली, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"चारूताई, काटा चार महिने वर आहे. रोज वर. रोज तो सांगतोय की प्रथिन वाढलंय."

"मग औषध?"

"सोडलं नाही. कारण तुमची चाचणी शंभर टक्के होती."

"म्हणजे औषध संपलं नव्हतं?"

"नाही. कुपी काठोकाठ भरलेली आहे."

"डोळ्यातच होतं?" चारुशीलाचा आवाज इतका चढला की बाहेरच्या बाकावरचे लोक उठून उभे राहिले. "माझ्या डोळ्यातच औषध होतं, आणि माझा डोळा जात होता?"

डॉक्टरांनी तिथेच कंपनीला फोन लावला. पलीकडून एक गोड आवाज आला. डॉक्टर म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता थेंब सोडा. आवाज म्हणाला, मॅडम, रुग्णाने उत्तरं अचूक दिलेली आहेत, यंत्रणेत बिघाड आढळत नाही, आपली विनंती समितीपुढे जाईल, चौदा कामाचे दिवस. डॉक्टर ओरडल्या, "अहो, सूज माझ्यासमोर आहे!" आवाज म्हणाला, आपलं म्हणणं आम्ही समजू शकतो. चारुशीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने डॉक्टरांच्या हातातून फोन ओढला आणि म्हणाली, "काय समजू शकता हो तुम्ही? एक डोळा झाकून बघितलंय कधी?" आणि फोन बंद केला.

मग डॉक्टरांनी जुनी सुई काढली. डोळा बधिर करून औषध सोडायला दोन मिनिटं लागली. बस्स, दोन मिनिटं. चारुशीलाला हेच सहन होईना.

"सूज उतरेल," डॉक्टर म्हणाल्या. "पण ज्या वाहिन्या बंद पडल्या त्या उघडणार नाहीत."

"मी मागावर बसेन का?"

"बसाल. पण काठाची नक्षी, पदरावरचे मोर..." त्या थांबल्या. "नाही, चारूताई. तेवढं बारीक परत नाही येणार. खोटं कशाला सांगू?"

"आणि तुम्ही काय करत होतात चार महिने?"

"हिरवी खूण बघत होते," डॉक्टर म्हणाल्या. "कंपनी म्हणाली, खूण हिरवी असेल तर रुग्णाला वर्षातून एकदा बोलवा, म्हणून बोलावलं नाही. काट्याची नोंद उघडून बघायला हवी होती. नाही बघितली."

चारुशीलाला त्यांच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. पण निदान ही बाई तोंड लपवत नव्हती. "समारंभाला तुमचे किती पेशंट येणार आहेत?" तिने विचारलं.

"एकोणीस."

"मग तुम्हीही या. सुया घेऊन या."

घरी परतताना बसमध्ये धनंजय म्हणाला, "साडी नाही देत म्हणून कळवून टाकू."

"का नाही द्यायची?" चारुशीला खिडकीबाहेर बघत म्हणाली. "त्यांनी मागवलीय. माझ्या डोळ्याने विणलीय. त्यांनाच देऊ."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "पाच महिने तुम्हाला नाही नाही ते बोलले मी."

"बोललीस खरी," धनंजय म्हणाला. "आई-बापही काढलेस."

"मग ओरडायचं नाही का माझ्यावर? एकदा तरी? गप्प बसून काय मिळवलंत?" आणि इथे मात्र तिला रडू फुटलं. रडतानाही ती चिडलेलीच होती. धनंजयने तिच्या हातात रुमाल दिला आणि स्वतः दुसरीकडे तोंड फिरवलं.

समारंभाचा हॉल झकपक होता. दारात अत्तर, गुलाबाची फुलं. मागच्या पडद्यावर भला मोठा हसरा डोळा. चाळीस-एक रुग्ण आणि त्यांची माणसं खुर्च्यांवर बसली होती. कंपनीचे संचालक पराग वेलणकर बोलायला फार चांगले होते. सुईच्या भीतीतून मुक्ती, शहाणं औषध, रुग्णाच्या हाती रुग्णाचं आरोग्य, असं बरंच काही ते बोलले. मग त्यांनी चारुशीलाचं नाव पुकारलं. सलग नऊशे दिवस शंभर टक्के! टाळ्या पडल्या. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला.

"ताई, दोन शब्द बोला," वेलणकर म्हणाले.

"बोलते. आधी तुमची साडी घ्या." तिने हाक मारली, "अहो, या वर."

धनंजय साडी घेऊन वर आला. एक टोक त्याने धरलं, एक तिने, आणि दोघांनी ती व्यासपीठभर उलगडली. रंगाला लोकांनी आधी वा वा केलं. मग वा वा हळूहळू थांबलं. पदराकडचा भाग नीट होता. पुढे काठ लाटेसारखा आत-बाहेर होत गेला होता, आणि शेवटच्या दोन हातांत तर तो पार पिळवटला होता.

"साहेब, घडी घाला," चारुशीला म्हणाली.

"अं?"

"घडी. काठाला काठ लावून. साडीची घडी घालतात तशी."

वेलणकर हसले. लोकांसमोर नाही कसं म्हणणार? त्यांनी काठ हातात घेतला, दुसरा काठ त्याला जुळवायला गेले. जुळेना. एका बाजूला जुळवला की दुसरीकडे ओंजळभर कापड गोळा व्हायचं. त्यांनी झटकलं, पुन्हा धरलं. पाहुणेबाई मदतीला उठल्या, त्यांनाही जमेना.

"नाही जुळणार," चारुशीला म्हणाली. "कुणालाच नाही जुळणार. हा कार्तिक आहे, इथून वाकायला लागला. हा पौष. हा फाल्गुन. हा माझा डोळा आहे साहेब. तुमच्या हिरव्या खुणेत जे पाच महिने दिसलं नाही ते या कापडावर आहे. आणि तुमचं औषध सगळा वेळ माझ्या डोळ्यातच होतं."

वेलणकरांनी माइक हातात घेतला. हा माणूस तयारीने आला होता, हे मानायला हवं. "ताई, आपल्याबद्दल पूर्ण सहानुभूती आहे. पण आपण चाचणीला पट्टी लावत होता, असं डॉक्टरांनी कळवलंय. सूचनांमध्ये स्पष्ट आहे की..."

"लावली! रोज लावली!" चारुशीलाला आता माइकची गरज नव्हती. "तीस वर्षं लावतेय. ती माझी चूक आहे, आणि ती अख्ख्या गावाला दाखवायला मी ही साडी आणलीय. पण तुमचा काटा? तो आतून चार महिने बोंबलत होता, त्याचं तोंड कुणी दाबलं? मला काय, मी विणणारी बाई, मला वाटलं डोळा थकलाय. तुम्हाला माहीत होतं डोळा सुजतोय. माहीत असून माझ्या होकाराची वाट बघत बसलात. का? तर कुपी सहा वर्षं पुरायला पाहिजे. कागदावर छापलंय ना!"

वेलणकर काही म्हणणार तोच तिने खुर्च्यांकडे तोंड वळवलं. "कुणाकुणाच्या डोळ्यात जागल्या आहे? हात वर करा."

हात वर झाले.

"हिरवी खूण बघून सहा महिन्यांत डॉक्टरकडे कोण गेलं नाही?"

हात तसेच राहिले. दुसऱ्या रांगेतले एक आजोबा चाचपडत उभे राहिले. पांढरं धोतर, काळी टोपी. "बाई," ते म्हणाले, "मला मोबाइल जमत नाही. माझी चाचणी रोज नात करते. तिला सगळ्या रेषा सरळ दिसतात."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. आजोबांच्या शेजारी बसलेली नात रडायला लागली.

डॉक्टर मुग्धा टिपणीस मागच्या रांगेतून उठल्या. "बाहेर तपासणीची गाडी उभी आहे," त्या म्हणाल्या. "पडद्याचा फोटो पाच मिनिटांत होतो. ज्याला लागेल त्याला सुई आजच. मग दर चार महिन्यांनी. जुनी पद्धत."

वेलणकर म्हणाले की हा सगळा निष्कारण घबराट पसरवण्याचा प्रकार आहे. पण ते कुणाला सांगत होते? खुर्च्या सरकू लागल्या होत्या. नातीच्या खांद्यावर हात ठेवून आजोबा पहिले निघाले. ज्यांना सुईतून मुक्त केलं होतं ते सगळे सुईच्या रांगेत जाऊन उभे राहिले, आणि व्यासपीठावर वेलणकर त्या साडीचा बोळा हातात घेऊन उरले. चारुशीलाने नारळ त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला, शाल काढून त्यावर टाकली आणि धनंजयचा हात धरून पायऱ्या उतरली. पायऱ्यांच्या कडा तिला नीट दिसत नव्हत्या.

दुसऱ्या सकाळी सातला मोबाइल वाजला. सुई घेतल्यापासून तिने चाचणीला हातच लावला नव्हता. काल समारंभानंतर डॉक्टरांनी सांगितलं होतं, चाचणी पुन्हा सुरू करा, यापुढे पट्टी नको, जे दिसेल ते सांगा, थेंब सुटला तर सुटू दे. चारुशीला मागाच्या कडेला बसली, मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून. मागाच्या खांबावर धनंजयने सुयांच्या पुढच्या सहा तारखा पेन्सिलीने ठळक लिहून ठेवल्या होत्या. नव्या साडीचा ताणा लागला होता. काठाच्या बाजूला आता तो बसणार होता, आणि ती शेजारी बसून धागे मोजून सांगणार होती. मोजणं डोक्यातलं होतं, ते कुठे गेलं नव्हतं.

तिने डावा डोळा तळव्याने झाकला. चौकट समोर आली. मधल्या रेषांनी पोट काढलं होतं. पट्टी खिळ्याला होती, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर. तिने हात लांब केला नाही. चौकटीच्या मधोमध बोट ठेवलं.

मोबाइलने विचारलं, 'आपली खात्री आहे का? यापूर्वीची आपली उत्तरं वेगळी होती.'

"मेल्या, तू मला खात्री विचारतोस?" ती म्हणाली आणि 'हो' वर अंगठा असा दाबला की नख पांढरं पडलं.

क्षणभर चक्र फिरलं. मग अक्षरं आली. ती तिने डोळ्याजवळ धरून एकेक करून वाचली. 'पहिला थेंब सोडण्यात आला आहे. काळजी नसावी.'

चारुशीलाने मोबाइल पायाखालच्या खड्ड्यात भिरकावून दिला. तो दोनदा आपटला आणि गप्प झाला. चहाचे कप घेऊन येणारा धनंजय दारातच थबकला.

"काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "जागल्या जागा झाला. चोरी होऊन गेल्यावर."